मदेरा बेटावर चुकलेलं पाणी

सर्व संबंधितांस, विशेषतः पांझरेकाठच्या आमच्या गावातील ज्येष्ठ मंडळी, फडाचे पंच, डेअरीसमोर सकाळी भरणारी विनाकारण सभा आणि यावलचं माझं समस्त माहेर यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या नानांनी परदेशात जाऊन दुसऱ्याच्या शेताचं पाणी चुकवलं, ही जी बातमी सध्या गावात फिरते आहे, ती खरी आहे. ती फिरवण्याचं श्रेय माझं. परंतु ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी सांगायला मला सवड झाली नाही, कारण परत आल्यापासून मी झोपले आहे.

हे थट्टेने लिहीत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने परक्या मुलखात जाऊन उभ्या डोंगरावर केळीचे घड वाहिले की तिला किती झोप लागते, याचा अंदाज नुसत्या बसून राहणाऱ्या माणसाला यायचा नाही. आताही लिहिताना पाय गरम पाण्याच्या बादलीत आहेत.

आधी ओळख. नाना म्हणजे माझे यजमान. गाव त्यांना नाना म्हणतं, म्हणून मीही इथे नानाच म्हणते. आमच्या गावाला पांझरेच्या बंधाऱ्याचं पाणी येतं आणि ते फडाच्या शिस्तीने येतं. शेत ज्याचं त्याचं, पण पाणी सगळ्यांचं. ते शेतात सोडतो तो गावाने नेमलेला पाटकरी. मालकाने पाण्याला हात लावायचा नाही. लावला तर ती चोरी, आणि चोरीला दंड. नाना या फडाचे पंच आहेत. सख्ख्या चुलतभावाने पाटाला बोटभर भोक पाडलं, तर त्यांनी त्याला चारचौघांत उभं करून दंड केला. त्या भावाची बायको हळदीकुंकवाला अजून माझ्याकडे पाठ करून बसते.

माझं माहेर यावलचं. तिथे विहिरीवर मोटर, बटन दाबलं की पाणी, आणि नजर जाईल तिथवर केळी. म्हणून लग्नानंतर आमची वाटणी अशी झाली की, पाण्यातलं नानांना कळतं आणि केळीतलं मला. बाकी सगळं सासूबाईंना कळत होतं.

तर ज्या उन्हाळ्यात आमच्या गावात एसटीडीचा पिवळा डबा आला, त्याच उन्हाळ्यात एका परदेशी शेतकरी मंडळाची योजना आमच्यापर्यंत आली. जोडप्याने जायचं, तिथल्या शेतकऱ्याच्या घरी राहायचं, अर्धा दिवस त्याच्या शेतात राबायचं, उरलेला अर्धा दिवस देश बघायचा. जेवणखाण यजमानांचं. मी तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून दुभाषाची सोय घरातच होती. मंडळाने विचारलं, कुठे जाल? मी म्हटलं, जिथे केळी असतील तिथे. त्यांनी पोर्तुगालच्या मदेरा बेटावर पाठवलं.

जिन्यावरचं घर

मदेरा म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला डोंगर. तिथे सपाट जागा नाही. आपल्याकडे बैलगाडी थेट बागेत जाते, घड भरते, डुलत परत येते. तिथे बैल नेला तर तो पहिल्याच दिवशी समुद्रात पडेल. डोंगर कापून दगडी बांधांचे टप्पे केलेत, एकावर एक, आणि प्रत्येक टप्प्यावर केळी. टप्प्यांना जोडणारा दगडी जिना. घर जिन्याच्या मध्यावर. म्हणजे कुठेही जायचं तरी जिना. दूध आणायला खाली, शेतात जायला वर, चर्चला आधी खाली मग वर. पहिल्या संध्याकाळी नाना पलंगावर बसले, बूट काढले आणि पायांकडे बघून आपल्या अहिराणीत म्हणाले, "हाई घर नही वं, हाई शिक्षा शे."

यजमान दोघे. मान्युएल सत्तरीला टेकलेला. तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत कामाला होता, म्हणून मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, काठी घेऊन घराच्या अंगणापुरताच हिंडायचा. त्याची बायको फातिमा. नाव फातिमा आणि गळ्यात क्रूस! तिकडे ख्रिस्ती बायकांत हे नाव घरोघरी आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. ठेंगणी, रुंद, काळ्या झग्यातली, आणि चालणं असं की जिना तिच्यासाठी नव्हताच. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मी पहिल्याच दिवशी तिला 'अक्का' म्हटलं. तिने मान वर केली आणि कांद्याची टोपली माझ्या हातात दिली. संबंध जुळले.

माहेरच्या अभिमानाने मी केळी बघायला गेले आणि तो अभिमान तिथेच उतरला. फळं आपल्यापेक्षा लहान, पण घड कसे सांभाळलेले! प्रत्येक फणीच्या टोकाची वाळकी फुलं हाताने खुडलेली. वाळकं पान लोंबतंय असं एकही झाड नाही. बुंध्याशी फुटणारी पिलंही जागा मोजून एकेकच ठेवलेली. आमच्याकडे बागेत शिरलं की वाळक्या पानांचा खडखडाट होतो, इथे देवघरात शिरल्यासारखं. आणि हे सगळं ठेवणारी कोण, तर एकटी फातिमा. नवरा खाली अंगणात, मुलगी फुंशालला, म्हणजे तिथल्या मोठ्या शहरात, फ्लॅटमध्ये.

घड खांद्यावर घ्यायचे. आपल्याकडचे गडी डोक्यावर चुंबळ ठेवून घेतात, म्हणून नानांनी उपरण्याची चुंबळ केली आणि घड डोक्यावर घेतला. तो जिना चढताना वरच्या केळीच्या पानांत अडकला. नाना खाली वाकले, घड मागे गेला, नाना पुढे गेले. फातिमाने घड झेलला. नानांना कुणी झेललं नाही.

केळं आणि मासा

जेवणाबद्दल दोन शब्द, कारण इथे माझ्या माहेरच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. आमच्याकडे केळं म्हणजे उपासाचं, नैवेद्याचं, ओटीचं. तिथे दुसऱ्या दुपारी ताटात एक लांबलचक मासा आला आणि त्याच्या अंगावर, पांघरूण घातल्यासारखं, तळलेलं केळं! हा त्यांचा मानाचा पदार्थ. मी मासे खात नाही. मी फातिमाकडे बघितलं, फातिमाने माझ्याकडे बघितलं, आणि तिने नुसतं केळं उचलून मला दिलं. माशाशी सोयरीक झालेलं ते केळं मी डोळे मिटून खाल्लं. यावलच्या मंडळींनी माफ करावं, चव बरी होती.

बाकी जेवण मात्र आपल्या जवळचं. रताळं घालून मळलेल्या कणकेची जाड भाकर, तीही दगडाच्या तव्यावर भाजलेली, वर लसूण-लोणी. ती बघून नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोबीच्या पाल्याचं गरम पातळ सूप. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवून थापलेला आणि मग वड्या पाडून तळलेला प्रकार. मी वड्यांवर घरून नेलेली लसणाची चटणी भुरभुरली. मान्युएलने एक वडी खाल्ली, काठी टेकत नळाकडे गेला, पाणी प्यायला, परत आला आणि दुसरी घेतली.

रोज संध्याकाळी आम्ही चौघे अंगणात बसायचो. खाली समुद्र काळा होत जायचा. कुणाला बोलायचं त्राण नसायचं. फातिमा कोपऱ्यात वाटाणे सोलायची आणि मधूनच वर बघायची, शेताच्या सगळ्यात उंच टप्प्याकडे. तिथे केळीची लहान रोपं होती, हातभर उंचीची.

त्या टप्प्याची गोष्ट मान्युएलने सांगितली. तो बरीच वर्षं पडीक होता. त्याचं ऑपरेशन झालं तेव्हा धाकटा भाऊ आगुस्तीनो म्हणाला, आता तुम्ही दोघं थकलात, शेत मला कसायला द्या आणि मुलीकडे जा. मुलगीही तेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी फातिमा वर गेली, तो पडीक टप्पा एकटीने खणला आणि रोपं लावली. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "उन्हाळा संपेपर्यंत ही जगली तर मी इथेच. मेली तर मी मुकाट्याने फुंशालला जाईन, सगळं आगुस्तीनोचं."

"आणि तेव्हापासून आगुस्तीनो तिच्याशी बोलत नाही," मान्युएल म्हणाला. "तो वाईट नाही. त्याला वाटतं, ती वर मरून पडेल."

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटतं, फ्लॅटमध्ये ती लवकर मरेल."

मी हे नानांना सांगितलं. नानांनी वर त्या टप्प्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पाणी कवय शे त्या रोपासले?" पाळी कधी, एवढाच त्यांचा प्रश्न.

शुक्रवार

पाण्याची पाळी शुक्रवारी होती, आणि नेमकी शुक्रवारीच मान्युएलला फुंशालच्या दवाखान्यात तपासणी होती. फातिमाला त्याच्याबरोबर जावंच लागणार.

मदेरात डोंगरमाथ्यावरून एक अरुंद बांधीव पाट कड्याकड्याने खाली येतो. त्याला ते लेवादा म्हणतात. त्यावर जनुआरियो नावाचा एक म्हातारा पाटकरी नेमलेला आहे, आणि प्रत्येक शेताची पाळी ठरलेली आहे. हे ऐकल्यापासून नाना त्या मुलखाच्या प्रेमातच पडले होते. पाटकरी आहे, पाळी आहे, म्हणजे माणसं आपलीच! पहिल्या दिवसापासून रोज तिन्हीसांजेला, मरणाचे थकलेले असतानाही, ते पाटाच्या कडेने फिरून सांधे तपासून यायचे. जनुआरियो भेटला की दोघे एकमेकांना टोपी काढून नमस्कार करायचे.

शुक्रवारी सकाळी बसला निघताना मान्युएल म्हणाला, "जेवणानंतर पाणी येईल. तुम्ही घ्या."

"त्याले सांग, काळजी करू नको," नाना छातीवर हात ठेवून म्हणाले.

पाटाचं दार उघडायचं कुणी, हे मान्युएलने सांगितलं नाही, कारण तिथे हे कुणी सांगत नाही. नानांनी विचारलं नाही, कारण आमच्याकडे हे कुणी विचारत नाही.

त्या दिवशी आफ्रिकेकडून गरम वारा सुटला होता. आपल्या जळगावच्या मे महिन्याची आठवण यावी असा. आम्ही जेवून वर चढलो. मी मधे चार वेळा बसले. टप्प्यावर पोहोचलो तेव्हा रोपांची पानं कडेने वळायला लागली होती. पाटात पाणी भरून वाहत होतं, फातिमाच्या दारावर दगड आणि फडक्याचा बोळा ठासलेला. नाना अंजिराच्या झाडाखाली बसले. मीही बसले.

वरच्या वळणावर जनुआरियो दिसला. त्याने हात केला. नानांनी हात केला. तो पुढे निघून गेला.

"गेला की तो," मी म्हटलं.

"वरला दार देखी येस. ई आते." नानांचा हिशोब सरळ होता: वरचं दार बघून तो येणारच.

आम्ही वाट बघत बसलो. पाणी समोरून चाललं होतं. इतकं जवळून की पाय सोडून बसता आलं असतं.

"अहो, उघडा ना. दगड तर आहे नुसता."

"पाटकरी नही, आनि उघडू?"

"मग मी उघडते." मी उठले. नानांनी माझं मनगट धरलं.

"येडी व्हयनी का? दुसराना गावमा ईसन पाणी फोडू? मी चोर शे का?"

"अहो, पाळी यांचीच आहे!"

"पाळी त्यासनी शे. हात पाटकरीना शे."

तीस वर्षांच्या संसारात या आवाजातल्या नानांपुढे मी फक्त एकदाच बोलले आहे, आणि तेव्हा सासूबाई माझ्या बाजूने होत्या. मी परत अंजिराखाली बसले. वारा, झोप, पोटऱ्यांतले गोळे. खरं सांगते, माझा डोळा लागला.

जाग आली ती नानांच्या ओरडण्याने. एक उंच माणूस खालच्या टप्प्याच्या दाराशी वाकला होता. आगुस्तीनो. आमच्यानंतरची पाळी त्याची. त्याने स्वतःच्या हाताने दगड सरकवला, बोळा उपसला, आणि पाटातलं सगळं पाणी वळून त्याच्या शेतात धो धो गेलं.

"चोर! चोर शे हाऊ!" नाना उभे राहून त्याच्याकडे बोट दाखवत होते. "सोता मालक हात लावस! पंच कथा शेतस आठला? बलाव पंचले!"

आगुस्तीनोने वर बघितलं. कोरडा टप्पा बघितला. वळलेली पानं बघितली. अंजिराखाली उभ्या असलेल्या आम्हा दोघांना बघितलं. आणि त्या क्षणी मला सगळं कळलं.

"नाना," मी म्हटलं, "इथे ज्याचं शेत त्यानेच उघडायचं असतं."

नाना खाली बसले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

संध्याकाळच्या बसने दोघे आले. डॉक्टरांनी मान्युएलला थोडंथोडं चढायची परवानगी दिली होती, म्हणून तो खुशीत होता. फातिमा पिशवी खाली ठेवून तशीच वर गेली. आम्ही अंगणात उभे. ती खाली आली तेव्हा तिच्या बुटांना चिखल नव्हता. मान्युएलने तिला विचारलं, तिने एक शब्द सांगितला, आणि मान्युएल खुर्चीत बसला. पुढची पाळी यायला पंधरवडा होता. या वाऱ्यात रोपं तितकी टिकणार नव्हती.

आरडाओरडा झाला असता तर बरं वाटलं असतं. फातिमाने रागावण्याचेही कष्ट घेतले नाहीत. तिने सूप गरम केलं, चौघांना वाढलं, आणि तिचे हात, जे कधी थांबत नसत, ते टेबलावर नुसते पडून राहिले. नाना जेवले नाहीत. शनिवारीही जेवले नाहीत.

रविवार, चर्चच्या पायऱ्या

रविवारी सकाळी नानांनी पांढरा नेहरू शर्ट घातला, इस्त्रीची टोपी घातली आणि मला म्हणाले, "चाल. मान्युएललेबी ली चाल. माले दंड करी घेवाना शे."

"कुणाकडून?"

"गावकडून. पाण्याची चूक घरमा मिटत नही."

काठी टेकत, दर पायरीला थांबत मान्युएल आमच्याबरोबर चर्चपर्यंत आला. चर्च सुटलं. लोक पायऱ्यांवर गप्पा मारत उभे होते. नाना खालच्या पायरीवर उभे राहिले आणि हात जोडले. पोर्तुगालच्या लोकांपुढे अहिराणीत भाषण करणारा तो पहिलाच पंच असावा. व्यवस्था अशी: नाना अहिराणीत बोलणार, मी ते इंग्रजीत मान्युएलला सांगणार, मान्युएल पोर्तुगीजमध्ये गावाला सांगणार.

नानांनी फडाची रीत सांगितली. मालक पाण्याला हात लावत नाही, पाटकरीच सोडतो. मान्युएलने ते सांगताच पायऱ्यांवर खसखस पिकली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "मग पाणी चोरतं कोण?" जनुआरियो पाटकरी मात्र हसला नाही. त्याने आयुष्यभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या असाव्यात. तो गर्दीतून पुढे आला, नानांच्या समोर उभा राहिला आणि मान्युएलला पुन्हा विचारलं, कुणीच हात लावत नाही? कुणीच नाही, मान्युएल म्हणाला. जनुआरियोने टोपी काढली.

मग नाना म्हणाले, "चूक मन्ही शे. त्या बाईना काही दोष नही. गाव जो दंड करी, तो मी भरसू."

आता इथे दुभाषाची कामगिरी येते. मी मान्युएलला इंग्रजीत सांगितलं, "नाना म्हणतात, चूक माझी आहे, गाव देईल तो दंड मी भरेन. दोन दिवस त्यांच्या पोटात अन्न नाही. आणि नाना असंही म्हणतात की, तुम्ही प्रत्येकाने आपल्या पाळीतलं थोडं थोडं पाणी फातिमाच्या रोपांना द्यावं."

हे शेवटचं नाना म्हणाले नव्हते. मेले असते तरी म्हणाले नसते. पाळीबाहेरचं पाणी मागणं त्यांच्या लेखी चोरीच्याच घरातलं. पण मान्युएलला इंग्रजी कळत होतं आणि नानांना पोर्तुगीज कळत नव्हतं. मान्युएलने माझ्याकडे बघितलं, मग गंभीर चेहऱ्याने सगळं सांगितलं, आणि मला वाटतं, स्वतःचीही भर घातली, कारण ते फारच लांबलं.

मग जनुआरियो बोलला. मान्युएलने मला सांगितलं ते असं: थोडं थोडं पाणी वेगवेगळ्या दिवशी सोडलं तर ते पाटातच जिरेल. द्यायचं तर एका दमात. मंगळवारी आगुस्तीनोच्या दुसऱ्या शेताची मोठी पाळी आहे. ती त्याने फातिमाला द्यावी, आणि बाकीच्यांनी आपापल्या पाळीतून त्याची भरपाई करावी.

एक हात वर झाला. मग आणखी एक. काळ्या झग्यातल्या बायकांचे, टोपीवाल्या म्हाताऱ्यांचे, एकेक करत सगळे.

"देख," नाना मला हळूच म्हणाले, आणि त्यांचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळा झाला, "बठ्ठा गावनी दंडले हात वर करा. न्यायी लोके शेतस."

एक हात मात्र खालीच होता. सगळे आगुस्तीनोकडे बघत होते. पाण्याचं त्याचं काहीच जाणार नव्हतं. जाणार होती ती फातिमाची जमीन, जी त्याने मनात आपली धरली होती. त्याने टोपी घातली आणि जिना उतरून निघून गेला.

फातिमा चर्चच्या दारात उभी होती. ती आत परत गेली.

नानांना दंड मिळाला, तोही त्यांना हवा तसा. जनुआरियोबरोबर पाटातला पाला आणि गाळ काढायचा. सोमवारी आम्ही तो काढला. आम्ही म्हणते, कारण नवरा-बायकोला तिथेही एकच समजतात. वाकून वाकून माझी कंबर अशी धरली की रात्री मी पलंगावर चढले नाही, जमिनीवरच आडवी झाले. नाना मात्र त्या दिवशी दोन भाकऱ्या जेवले.

मंगळवार

जेवणं झाली. मान्युएल उठला, काठी घेतली आणि जिन्याकडे चालू लागला. वरच्या दिशेने. फातिमा काहीतरी ओरडली. तो थांबला नाही. नानांनी धावत जाऊन त्याला खांदा दिला. फातिमा मागे, मी सगळ्यांच्या मागे. एक पायरी, थांबायचं. पुन्हा एक पायरी. मान्युएलचा श्वास मला खालून ऐकू येत होता, आणि माझा त्याला वरून ऐकू येत असणार. ऑपरेशन झाल्यापासून तो पहिल्यांदाच वर शेतात येत होता.

टप्प्यावर पोहोचलो तेव्हा आगुस्तीनो पाटाच्या कडेला बसला होता, फावडं मांडीवर. त्याच्या दुसऱ्या शेताचं दार तिथून दूर, खाली होतं. तिथे का बसला होता कोण जाणे. मान्युएल धापा टाकत अंजिराला टेकून उभा राहिला. पायजम्याच्या आत त्याचे गुडघे कापत होते. आगुस्तीनोने भावाचे गुडघे बघितले. मग रोपं बघितली. काही पिवळी पडली होती, पण मधली पोंगळी, म्हणजे नव्या पानाची गुंडाळी, अजून हिरवी होती.

पाटात पाणी आलं. नाना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे. फातिमा हलत नव्हती.

आगुस्तीनो उठला, फातिमाच्या दाराशी गेला, वाकला, आणि दगड बाजूला केला.

"हाई काय?" नाना मला म्हणाले. "हाई त्याना पाणी शे ना?"

"तुमचा दंड," मी म्हटलं. "नंतर सांगते."

पाणी आत आलं. आधी धुळीवर घरंगळलं, मग जमिनीने ते ओढून घेतलं, मग पहिल्या सरीत भरलं. फातिमा भानावर आली. तिने झगा खोचला, फावडं घेतलं आणि पाण्यापुढे पळायला लागली, एक सरी बंद कर, दुसरी उघड. आगुस्तीनो दुसऱ्या बाजूने. दोघांत एक शब्द नाही. मी बांधावर बसले होते. उठायची ताकद नव्हती. नानांनी एकदा पाय पुढे टाकला, परत मागे घेतला.

पाणी शेवटच्या रोपापर्यंत गेलं. दोघे तिथे समोरासमोर आले, घोट्यापर्यंत चिखलात, दोघांनाही धाप लागलेली. आगुस्तीनोने फावड्यावर हात टेकले, रोपांच्या ओळीवरून नजर फिरवली, एकदा इकडून, एकदा तिकडून. त्याचा चेहरा लाल झाला आणि तो एवढ्या मोठ्याने ओरडला की खालच्या गल्लीतल्या बायका वर बघायला लागल्या. मान्युएल इतका हसत होता की ते मला इंग्रजीत सांगायला त्याला तीनदा सुरुवात करावी लागली.

"वहिनी, किती दाट लावलीस ही! पुढच्या वर्षी पिलं कुठे ठेवणार आहेस?"